आसूड नेहमी खालच्याच पाठीवर का?

गळीत हंगाम आला की बॉयलर पेटतात, गव्हाणीत मोळ्या पडतात, नारळ फुटतात आणि व्यासपीठावरून एकच कीर्तन सुरू होते: 'बदल ही काळाची गरज आहे!' अध्यक्ष बोलतात, उपाध्यक्ष मान डोलावतात, कार्यकारी संचालक पडद्यावर रंगीत आलेख दाखवतात आणि मांडवाच्या कडेला उभा असलेला हंगामी कामगार टाळ्या वाजवतो. न वाजवून सांगतो कुणाला? पुढच्या हंगामाला बोलावणे यायचे की नाही, हे ज्यांच्या हाती, तेच समोर हार घालून बसलेले असतात. साखर कारखान्यांचेच हे चित्र नाही. कुपवाडची औद्योगिक वसाहत घ्या, मिरज घ्या, पलूस घ्या, कऱ्हाडजवळचे तासवडे घ्या, नाहीतर सातारा घ्या. बँका घ्या, पतसंस्था घ्या, बाजार समित्या आणि शिक्षणसंस्था घ्या. जिकडे तिकडे बदलाचा जप चालू आहे. जपमाळ साहेबांच्या हातात आणि उपवास कामगाराला, एवढीच काय ती वाटणी!

हा बदल कसा येतो, हे सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांतल्या कुठल्याही कारखान्याच्या फाटकावर उभे राहून विचारा. नवे यंत्र येणार हे त्या यंत्रावर काम करणाऱ्याला कळते ते ट्रकवरून खोके उतरते तेव्हा. पाळ्यांच्या वेळा बदलल्या हे कळते ते फळ्यावर कागद चिकटतो तेव्हा. विभाग बंद झाला हे कळते ते अंगठा लावल्यावर फाटकावरचे यंत्र नाव ओळखत नाही तेव्हा. वीस-वीस वर्षे ज्याने त्या यंत्राचा नुसता आवाज ऐकून कुठले बेअरिंग गेले हे सांगितले, त्याला विचारण्याची कुणालाही गरज वाटत नाही. विचारले जाते ते पुण्या-मुंबईहून गाडीने आलेल्या सल्लागाराला. तो दोन दिवस वातानुकूलित सभागृहात बसतो, जेवतो आणि अहवालात लिहून जातो की, 'कामगारांचा बदलाला विरोध आहे.' उंटावरून शेळ्या हाकण्याची विद्या आता पदवी देऊन शिकवली जाते आणि तिची फी सभासदांच्या पैशातून भरली जाते!

आमचे म्हणणे आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. जो दुसऱ्याला बदलायला सांगतो, त्याने बदलाची पहिली किंमत स्वतः मोजली पाहिजे: स्वतःच्या अधिकारातून, स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या सवयीतून. ज्याची ती तयारी नाही, त्याने बदलाचा शब्दही तोंडातून काढू नये. तो बदल नव्हे, ती दुसऱ्याच्या ताटातून घास उचलण्याची नवी रीत आहे.

कामगार बदलाला भितो, असे म्हणणाऱ्यांनी आधी आपला जिल्हा तरी पाहावा. तासगाव-कवठेमहांकाळच्या खडकाळ माळावर द्राक्षवेल चढवणारा, छाटणीपासून फवारणीपर्यंतचे वेळापत्रक तोंडपाठ असणारा, बेदाणा करून तासगावच्या सौद्यात उतरणारा शेतकरी बदलाला भितो काय? खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी गावांतून सोने-चांदी गाळण्याचा धंदा घेऊन देशाच्या कानाकोपऱ्यात दुकाने थाटणारा गलाईवाला बदलाला भितो काय? परक्या मुलखात, परक्या भाषेत, आम्लाच्या वाफेत उभे राहून ज्यांनी घरे उभी केली, त्यांचीच ही भावकी आहे. कारखान्यात 'आडमुठा' ठरलेला कामगार संध्याकाळी घरी जाऊन मोबाईलवर पाण्याची मोटर चालू करतो, ठिबकचे गणित मांडतो आणि मुलीला वालचंद महाविद्यालयात इंजिनियर करण्यासाठी कर्ज काढतो. तो रोज बदलतो आहे. त्याचा विरोध आहे तो फसवणुकीला. बदलाच्या नावाखाली आपले काय जाणार, हे त्याला सांगितले जात नाही. म्हणून सगळेच जाणार असे तो धरून चालतो आणि अनुभव असा की, त्याचे गणित फारसे चुकत नाही.

आम्ही जुन्याचे भाट नाही. ज्या मातीत आम्ही ही लेखणी चालवतो, ती मातीच सुधारकांची आहे. आगरकरांचा जन्म कऱ्हाडजवळच्या टेंभूचा; जोतीराव फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. ओगलेवाडीच्या 'प्रभाकर' कंदिलाने एके काळी घरोघर उजेड दिला. वीज आली आणि कंदिलाचे दिवस संपले. विजेवर रुसून कंदील टिकला नसता. यंत्र येणारच, संगणक आलाच आहे, कृत्रिम बुद्धिमत्ता उसाच्या फडापर्यंत पोहोचते आहे. ते थांबवा असे सांगणारा कामगारांचा मित्र नाही. प्रश्न एवढाच की, येणाऱ्या युगाची पट्टी कुणाकडून वसूल करायची? आजवर ती नेहमी शेवटच्या पायरीवरच्याकडून वसूल झाली. तसे होऊ नये म्हणून काय करावे लागते, याचा धडा शिकायला परदेशी जाण्याची गरज नाही. तो धडा याच दोन जिल्ह्यांत गिरवला गेला आहे. आमच्या पुढाऱ्यांनी पाटी पुसून टाकली, एवढेच.

औंधचे संस्थान आठवा. पुरते बहात्तर गावांचे राज्य, तेही तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेले. आटपाडीही त्याच राज्यातली. गादीवर बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जानेवारी 1939 मध्ये या राजाने आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली. आंदोलनाने गुडघे टेकवले म्हणून नव्हे, इंग्रजांनी हुकूम काढला म्हणूनही नव्हे. चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मूळचा पोलंडचा मॉरिस फ्रीडमन नावाचा इंजिनियर यांनी पुढाकार घेतला, गांधीजींचा सल्ला घेतला आणि औंधची राज्यघटना तयार झाली. गावपंचायतीच्या पायावर कारभार उभा राहिला. गावाचा निवाडा गावात होऊ लागला. शेकडो संस्थानिक पोलो खेळत, शिकारी करत आणि इंग्रज रेसिडेंटची मर्जी सांभाळत बसले होते, तेव्हा या एका राजाने गादीवर बसूनच गादीचे वजन कमी केले. संस्थेत बदल घडवायचा असेल तर वरून काय उतरले पाहिजे, याचे उत्तर औंधने दिले: वरून हुकूम उतरत आले आहेत अनंत काळ, उतरली पाहिजे ती सत्ता.

आणि त्याच औंधने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे उंच भिंतींशिवाय राहू लागले, शेती करू लागले, बायकामुलांना घेऊन नांदू लागले. ही वसाहत आजही आहे आणि व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या 1957 सालच्या चित्रपटामागची प्रेरणाही तीच. शिक्षा झालेल्या कैद्यावर विश्वास टाकायची छाती ज्या मातीत 1939 साली होती, त्याच मातीतला आजचा कारखानदार स्वतःच्या कामगारावर डोक्यावर कॅमेरा आणि दारात अंगठ्याचे यंत्र लावल्याशिवाय विश्वास टाकत नाही. लघवीला किती मिनिटे लागली याचा हिशेब ठेवणाऱ्यांनी 'संघभावना' या विषयावर व्याख्याने ठेवावीत, याला निर्लज्जपणा म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

दुसरा धडा किर्लोस्करवाडीचा. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी तो विकत घेईनात. लोखंडाने जमीन नासते, ही त्या काळची समजूत. आजचा एखादा व्यवस्थापक असता तर तो 'ग्राहकाची मानसिकता मागासलेली' असा शेरा मारून मोकळा झाला असता. लक्ष्मणरावांनी नांगर शेतात नेला, बैल जुंपून चालवून दाखवला, शेतकऱ्याची कुरकुर ऐकली आणि नांगरात सुधारणा केली. पुढे बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा याच बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने माजलेला माळ दिला, वर भांडवलाला हात दिला आणि 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांच्या हाती तिथे पहाऱ्याची काठी दिली गेली. ज्या काळी शिवाशिवीचा विटाळ देवळापासून पाणवठ्यापर्यंत पाळला जात होता, त्या काळी या वसाहतीने अस्पृश्यता झुगारली. यंत्र बदलायचे तर माणसामाणसांतले नातेही बदलावे लागते, हे त्या चौथीही न शिकलेल्या समाजात लक्ष्मणरावांना कळले. आज पदव्यांची भेंडोळी घेऊन बसलेल्यांना ते कळत नाही. कारण ते कळले तर नाते बदलावे लागेल आणि नाते बदलले तर रुबाब जाईल!

तिसरा धडा कर्मवीर भाऊराव पाटलांचा. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेला हा माणूस. खेड्यांतले अज्ञान त्यांनी कागदावरच्या पाहणीत वाचले नव्हते. पायांनी तुडवले होते. 4 ऑक्टोबर 1919 रोजी काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, पुढे साताऱ्यात वसतिगृह उभे राहिले, सर्व जातींची मुले एका पंगतीला बसू लागली. वसतिगृहातले धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही दिले. आजच्या संस्थाचालकांनी छातीवर हात ठेवून सांगावे: संस्था अडचणीत आली तेव्हा आधी कुणाचे दागिने गहाण पडले? अध्यक्षांच्या घरातले की चार महिने पगार न झालेल्या शिपायाच्या घरातले?

राजाने सत्ता दिली, कारखानदाराने अहंकार बाजूला ठेवला, संस्थाचालकाच्या पत्नीने सौभाग्यलेणे दिले. तिघांनी आधी स्वतः भरले आणि मग लोकांकडे मागितले. म्हणून लोकांनी दिले.

एवढे सांगून थांबलो तर मात्र आम्ही वाचकांची दिशाभूल केली असे होईल. कारण या साऱ्या कथांत एक उणीव आहे. राजा भला होता म्हणून औंधला स्वराज्य मिळाले. मालक भला होता म्हणून वाडीला माणुसकी मिळाली. भलेपणा ही देणगी झाली, हक्क नव्हे. उद्या गादीवर दुसरा बसला तर? 1948 साली संस्थान विलीन झाले आणि औंधचा प्रयोगही संपला. भल्या मालकाची वाट पाहणारा कामगार आणि अवताराची वाट पाहणारा भाविक यांत फरक तो काय? म्हणून भलेपणाला कायद्याची मेख लागते. आणि ती मेख या देशात ठोकलेली आहे, हेच आमच्या फाटकांवर कुणी बोलत नाही.

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातले कलम 9-अ पाहा. पगार, कामाचे तास, पाळ्या, रजा यांत बदल करायचा असेल किंवा ज्याने कामगार कमी होतील अशी यंत्रसुधारणा करायची असेल, तर मालकाने आधी नोटीस द्यावी आणि एकवीस दिवस थांबावे. कायद्याने बदलाला बंदी घातली नव्हती. न विचारता केलेल्या बदलाला घातली होती. त्याच कायद्यात शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची कार्यसमिती बसवण्याची तरतूद होती. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत तर सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाशी बसले आणि यांत्रिकीकरणाची तत्त्वे ठरली: असलेल्या कामगाराची नोकरी आणि कमाई जाता कामा नये, फायद्याची न्याय्य वाटणी व्हावी, कामाचा बोजा तज्ज्ञांकडून मोजला जावा. 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने तर 43-अ हे कलम घालून उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याच्या धोरणाचे तत्त्वच ठरवले. योगायोग असा की, त्याच 1976 साली जर्मनीने कायदा करून दोन हजारांहून अधिक कामगारांच्या कंपन्यांत पर्यवेक्षक मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना दिल्या. जर्मनीचे कारखाने बुडाले नाहीत. आमचे कलम मात्र ग्रंथालयात धूळ खात पडले आहे.

विचारून केलेला बदल टिकतो, याचा दाखला हवा असेल तर बँकांकडे पाहा. बँकांत संगणक येणार म्हणताच कर्मचारी संघटना उभ्या ठाकल्या. पण 8 सप्टेंबर 1983 रोजी बँक व्यवस्थापने आणि संघटना यांच्यात करार झाला, संगणक कुठे आणि किती हे ठरले आणि पुढे टप्प्याटप्प्याने सगळ्या बँका संगणकावर गेल्या. न विचारता लादलेल्या बदलाचे काय होते, याचा दाखला हवा असेल तर गिरणगावाकडे पाहा. एका विणकऱ्याने दोनाऐवजी तीन माग चालवावेत, असा घाट मुंबईच्या गिरणीमालकांनी घातला आणि 1928 साली सहा महिने गिरण्यांची चाके थांबली. त्या संपाने आणखी एक लपवलेली घाण उघडी केली. विणकामाच्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धागा तोंडाने ओढावा लागे. त्या बंदीवर बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके बोट ठेवले. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार उतरले. त्यात सातारा-सांगलीचे किती 'घाटी' होते, हे या जिल्ह्यांतल्या म्हाताऱ्यांना विचारा. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, माणसे पिशवी घेऊन गावी परतली आणि गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. बदल झालाच की! मालकाला जमिनीचा भाव मिळाला आणि कामगाराला परतीचे तिकीट.

आता 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. एकोणतीस जुने कायदे त्यांत विरघळले. बदलाची एकवीस दिवसांची नोटीस नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे, हे कामगारांनी पक्के ध्यानात ठेवावे. पण त्याच संहितेने कामगार कपात करण्यासाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली. कुपवाड-मिरजेतले बहुतेक कारखाने तीनशेच्या आतलेच! म्हणजे कुंपण काढून घेतले आणि सांगितले की, जनावरे सज्जन आहेत. कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकण्यासाठी म्हणून मालकाने किती द्यायचे? पंधरा दिवसांचा पगार! पंचेचाळिशीच्या माणसाने, ज्याच्या डोक्यावर घराचे कर्ज आणि घरात लग्नाची मुलगी आहे, त्याने पंधरा दिवसांच्या पगारात नवे आयुष्य शिकायचे. ज्या सरकारी मेंदूतून हा आकडा निघाला, त्या मेंदूला आम्ही दुरूनच नमस्कार करतो.

हे सारे खासगी मालकांना लागू आहे. पण आमचा खरा आसूड उठायचा आहे तो सहकाराच्या पाठीवर. कारण तिथे मालक परका नाही. तिथे मालक शेतकरी, कामगार शेतकऱ्याचाच मुलगा आणि संचालक त्याच गावचा. तिथे तरी बदल घरच्यासारखा व्हायला हवा होता. होते काय? निवडणुकीच्या तोंडावर 'आपली माणसे' म्हणून दीडपट भरती होते. निवडणूक जिंकली की तीच माणसे 'जादा मनुष्यबळ' ठरतात. आसवनी वाढवायला कर्ज, सहवीजनिर्मितीला कर्ज, संचालकांच्या अभ्यासदौऱ्याला तरतूद. पगाराची पाळी आली की तिजोरीला टाळे. कायम कामगार निवृत्त होतो, त्याच्या जागी ठेकेदाराचा माणूस उभा राहतो. काम तेच, टोपी तीच, पगार निम्मा. वसंतदादांनी उभा केलेला सांगलीचा कारखाना एके काळी महाराष्ट्राच्या सहकाराचे भूषण होता. तोच कर्जात रुतला आणि 2017 साली भाडेकराराने खासगी कंपनीकडे चालवायला गेला. कुठलाही कारखाना भाड्याने जातो तेव्हा यंत्रांची मोजदाद होते, जमिनीची मोजणी होते, बँकेचा हिशेब मांडला जातो. कामगाराची थकबाकी मात्र शेवटच्या पानावर राहते. कारखाना बुडवणाऱ्या कुठल्या संचालकाला आजवर 'जादा मनुष्यबळ' म्हणून घरी पाठवले? एक नाव सांगा! वाळव्यात नागनाथअण्णा नायकवडींनी 'हुतात्मा' साखर कारखाना उभा केला, तेव्हा काटकसर वरून सुरू केली आणि उसाला चढा दर देऊन दाखवला. म्हणजे हे करता येते. करायचे नसते, एवढेच.

आणि उसाच्या फडात काय चालले आहे? ऊसतोडणी यंत्रे येत आहेत, त्यांना सरकारी अनुदान आहे. यावीत! थंडीत पहाटे तीनला उठून, तान्हे मूल पाचटावर झोपवून, नवरा-बायकोने मिळून 'एक कोयता' म्हणून मोजले जाण्यात कसली आली आहे परंपरा? ती गुलामी जितक्या लवकर संपेल तितकी बरी. पण संपवायची कशी? बीडहून येणारा, जतहून येणारा, माण-खटावातून येणारा हा मजूर मुकादमाच्या उचलीत आधीच अडकलेला आहे. यंत्र आले की उचल बंद, कोपी बंद, काम बंद. मग त्याचे पुढे काय, हा प्रश्न यंत्राचे अनुदान मंजूर करणाऱ्याने विचारला नाही आणि यंत्राचे पूजन करणाऱ्या अध्यक्षांनाही सुचला नाही. शिवाय यंत्राला रुंद सरी लागते, वळायला जागा लागते. वीस गुंठेवाल्याच्या शेतात ते शिरत नाही. म्हणजे मोठ्याचा ऊस यंत्राने वेळेवर तुटणार आणि लहान शेतकऱ्याचा ऊस तुटपुंज्या टोळ्यांची वाट पाहत तुऱ्यावर जाणार. ज्या कारखान्याचे गळीत आजवर कोयत्याने भागवले, त्या कारखान्याने कोयत्याच्या मुलाला यंत्रावर चालक म्हणून, मिस्त्री म्हणून का शिकवू नये? त्या बाईला रोपवाटिकेत काम का देऊ नये? अनुदानाच्या कागदावर ही एक अट घालायला शाई संपली होती काय?

बायकांचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून टाकू. सांगलीची हळद जगाला ठाऊक; 2018 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या हळदीच्या निवडण्या-टिपण्यात ज्या बायकांचे हात पिवळे झाले, त्या यंत्र आले की सगळ्यांत आधी बाहेर पडतात. त्यांना कुणी 'कुशल' म्हटलेच नव्हते; मग कौशल्यवाढीच्या वर्गात त्यांचे नाव यायचे कसे? यंत्राशेजारची खुर्ची आपोआप पुरुषाची होते आणि झाडू आपोआप बाईचा उरतो. हे आपोआप होत नाही. हे ठरवून होते आणि ठरवणाऱ्या समितीत एकही बाई नसते.

मालकांना झोडपले म्हणून कामगार पुढाऱ्यांनी गालातल्या गालात हसू नये. तुमच्याही पदराखाली बरेच काही झाकलेले आहे. नवे यंत्र शिकण्याचा वर्ग लावला की तोंड फिरवणारे तुम्हीच. संगणकाला हात लावणार नाही ही शपथ मर्दुमकी म्हणून मिरवणारे तुम्हीच. कायम कामगारांचा करार गुलाल उधळून साजरा करताना शेजारच्याच यंत्रावर उभ्या असलेल्या कंत्राटी पोराकडे पाठ फिरवणारेही तुम्हीच. एकाच कारखान्यात चार पक्षांचे चार झेंडे आणि प्रत्येक झेंड्याचा साहेब वेगळा. मग व्यवस्थापनाने फोडायला उरलेच काय? डब्याच्या वेळी कोण कुणाशेजारी बसतो हे एकदा डोळे उघडून पाहा. गटाराच्या टाकीत उतरायला नेहमी एकाच वस्तीतला माणूस का निघतो, हे युनियनच्या सभेत एकदा विचारून पाहा. जात दारात चपलेसारखी काढून ठेवता येत नसेल, तर 'कामगार एकजुटीचा विजय असो' ही घोषणा घशाचा व्यायाम म्हणून ठीक आहे, त्याहून अधिक काही नाही. नव्या विद्येला नाही म्हणणारा कामगार स्वतःच्या मुलाची भाकरी दुसऱ्याच्या हाती देतो. हक्क मागायचा असेल तर शिकण्याचे कष्टही उचलावे लागतील.

आता मागणे, आणि ते मोजके. पहिले, कुठलाही मोठा बदल करण्याआधी तो मराठीत, साध्या भाषेत, फाटकावर लावा: काय बदलणार, केव्हा बदलणार, कुणाचे काम जाणार आणि त्याचे पुढे काय होणार. दुसरे, एकवीस दिवसांची मुदत ही पळवाट शोधण्यासाठी नसते, चर्चेसाठी असते. त्या मुदतीत कामगारांच्या, बायकांच्या आणि कंत्राटी मजुरांच्या प्रतिनिधींना बोलावून बसा आणि चर्चेचा कागद सर्वांना दाखवा. तिसरे, यंत्रावर जितका पैसा घालता त्याचा ठरावीक भाग ते यंत्र ज्याची जागा घेते त्याला शिकवण्यावर घाला आणि शिकण्याचे तास पगारी धरा. चौथे, कपात करायचीच असेल तर ती संचालकांच्या भत्त्यांपासून, गाड्यांपासून, दौऱ्यांपासून सुरू करा; तिथे कात्री चालवल्याशिवाय खालच्या एकाही नावावर रेघ मारू नका. पाचवे, जिथे कारखाना सहकारी आहे तिथे वार्षिक सभेत कामगार प्रतिनिधीला बोलू द्या. अहवाल 'मंजूर, मंजूर' अशा आरोळीत पाच मिनिटांत गुंडाळू नका.

हे अवघड आहे, असे कुणी म्हणू नये. बहात्तर गावांच्या राजाला राज्य सोडणे जमले, तर बारा गावांच्या कार्यक्षेत्राच्या अध्यक्षाला खुर्चीचा एक पाय मोकळा करणे न जमायला काय झाले? सभासद शेतकऱ्यांनो, येत्या वार्षिक सभेत उठून एकच प्रश्न विचारा: या बदलात अध्यक्षांनी आणि संचालकांनी स्वतःचे काय सोडले? उत्तर आले नाही, तर पुढच्या मतदानात त्यांना सोडून द्या. संस्थेत करण्यासारखा सगळ्यांत पहिला बदल तोच आहे.